लाईन लोड आहे, उद्या बघू

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, सकाळी गेलं, की वाळूचे साचे बनवणाऱ्या मोल्डिंग लाईनजवळच्या फळ्यावर दोन आकडे हमखास दिसतात. काल किती टन निघाले आणि आज किती निघायला पाहिजेत. फळ्याखाली, भिंतीला टेकून, एक नवा पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उमटवायचा नमुना, उभा असतो. अॅल्युमिनियम अजून चकचकीत असतं, पण वरच्या कडेवर वाळूची बारीक धूळ बसायला लागलेली असते. डेव्हलपमेंटचा, म्हणजे नवे भाग तयार करणाऱ्या विभागाचा, पोरगा येऊन विचारतो, "आज सॅम्पल घेऊया का?" सुपरवायझर अजिबात चिडत नाही. अगदी मायेनं सांगतो, "आज लाईन लोड आहे रे. उद्या बघू."

नव्या कामाला कारखान्यात उघड विरोध करणारा माणूस फार क्वचित भेटतो. मालकाला नवं हवं असतं, ग्राहकाला हवं असतं, सुपरवायझरलाही मनातून हवं असतंच. नवं काम मरतं ते या 'उद्या'त. आणि गंमत अशी, की प्रत्येक दिवसाचा 'उद्या' त्या दिवसापुरता बरोबर असतो.

व्यवस्थापनाच्या भाषणांत अशा वेळी 'समतोल' हा शब्द येतो. रोजचं उत्पादन आणि नवनिर्मिती यांचा समतोल. मला हा शब्द फसवा वाटतो. तोलायला दोन पारडी लागतात, आणि इथं पारडं एकच आहे. भट्टी तीच, लाईन तीच, वाळूचा मिक्सर तोच, आणि मूठभर वाळू दाबून ओल किती आहे ते सांगणारा जुना मोल्डरही तोच एक. त्यामुळे धोरणात काय लिहिलंय याला फार अर्थ उरत नाही. सकाळी पावणेअकराला ती लाईन कुणाची, एवढ्या एका प्रश्नावर सगळं ठरतं.

थोडा हिशेब करू. समजा, फौंड्री महिन्याला ६०० टन चांगला माल काढते. पंचवीस दिवस धरले तर रोजचे २४ टन. लाईन तासाला ६० बॉक्स (साच्याच्या पेट्या) देते, बॉक्समागे सरासरी २५ किलो माल, दोन पाळ्यांचे मिळून १६ तास. आता एका ट्रायलसाठी लाईन १५ मिनिटं थांबली तर १५ बॉक्स गेले, म्हणजे ३७५ किलो. आठवड्याला दोन, महिन्याला आठ ट्रायल घेतल्या तर दोन तास, तीन टन. सहाशे टनांत तीन टन म्हणजे अर्धा टक्का. एवढं तर कुठलीही फौंड्री एका बिघडलेल्या कन्व्हेयर बेल्टपायी विनातक्रार घालवते.

मग सुपरवायझर घाबरतो कशाला? कारण ट्रायल पंधरा मिनिटांत आटोपत नाही, हे त्याला अनुभवानं माहीत असतं. पॅटर्न प्लेटच्या पिना बुशात बसत नाहीत. वरचा आणि खालचा साचा अर्धा मिलिमीटर सरकतो आणि जोडावर पायरी येते. कोअर, म्हणजे भागातली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा, ज्या खाचेत बसतो तो कोअर प्रिंट घट्ट झालेला असतो, कोअर दाबून बसवताना कडेची वाळू तुटून साच्यात पडते आणि तीच पुढे कास्टिंगवर खड्डा होऊन दिसते. फिल्टर आणायचा राहून गेलेला असतो. साच्यावर वजन ठेवायचं कुणाच्या लक्षात नसतं, आणि धातू ओतताना वरचा भाग उचलला जाऊन जोडातून लोखंड बाहेर येतं. पंधराची चाळीस मिनिटं होतात, एक टन माल बुडतो, दिवसाच्या फळ्यावर चार टक्क्यांचा खड्डा पडतो, आणि संध्याकाळी त्याचं उत्तर डेव्हलपमेंटला नाही, सुपरवायझरला द्यावं लागतं.

म्हणजे भांडण नव्या-जुन्याचं वाटलं तरी निम्मं भांडण तयारीचं असतं. पिना आणि बुश आदल्या दिवशी गेजनं तपासायचे. कोअर साच्यात नुसता बसवून बघायचा आणि त्याचं वजन लिहून ठेवायचं. फिल्टर, स्लीव्ह, चॅपलेट असं साच्यात बसवायचं किरकोळ सामान एका ट्रेमध्ये घालून लाईनजवळ आणून ठेवायचं. लॅडल, म्हणजे धातू ओतायचं भांडं, तापवलेलं पाहिजे. स्पेक्ट्रोवर, धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, नमुना कोण नेणार त्याचं नाव ठरलेलं पाहिजे. हे सगळं झाल्याची सही सुपरवायझरनं घ्यायची, आणि सही नसेल तर ट्रायल परत पाठवायचा पूर्ण हक्क त्याला द्यायचा. हा हक्क दिला की त्याचा 'उद्या बघू' कमी होतो. नाही म्हणायची सोय असलेला माणूस हो म्हणायला कचरत नाही.

उरलेलं निम्मं भांडण मात्र वेळेचं, आणि ते सदिच्छेनं सुटत नाही. त्यासाठी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याकडे बघावं. नदीत दगडी खांब कायमचे उभे असतात, खांबांत खाचा असतात. पावसाळा सरला की त्या खाचांत बरगे (फळ्या) बसवून पाणी अडवायचं, पुढचा पावसाळा तोंडावर आला की काढून घ्यायचे. तोच बंधारा चार महिने नदीला मोकळी वाट देतो आणि आठ महिने अडवतो. अडवणं आणि सोडणं यांचा समतोल रोज कुणी साधत बसत नाही, कॅलेंडर ठरलेलं असतं. बरगे घालायला उशीर झाला तर साठा हातचा जातो, काढायला उशीर झाला तर पहिल्याच लोंढ्यात ओंडके आणि गाळ येऊन अडकतात. चूक होते ती उशिराची.

लाईनचंही तसंच करावं लागतं. मंगळवारी आणि शुक्रवारी ठरलेली पंधरा मिनिटं डेव्हलपमेंटची. माल किती तुंबलाय, ग्राहकाचा ट्रक दारात उभा आहे का, हे त्या दिवशी विचारायचंच नाही. ती तीन टनांची तूट महिन्याच्या उद्दिष्टातून आधीच वजा करायची, म्हणजे फळ्यावर ६०० ऐवजी ५९७ लिहायचे. ही शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. उद्दिष्ट ६०० च ठेवून वर 'ट्रायलही घ्या' असं सांगणारा व्यवस्थापक ओझं स्वतः उचलत नाही, खाली ढकलतो. आणि डेव्हलपमेंटची तयारी नसेल तर ती पंधरा मिनिटं उत्पादनाला परत द्यायची, पुढच्या खेपेला वाढवून मागायची नाहीत. नाहीतर साठवलेल्या मिनिटांचा एक दिवस हिशेब निघतो आणि पुन्हा तेच भांडण सुरू होतं.

दिवसातली कुठली पंधरा मिनिटं, यालाही महत्त्व आहे. बहुतेक जण सकाळचा पहिला तास देतात, कारण तेव्हा लाईन तशीही रेंगाळत असते. त्यात एक मेख आहे. सकाळी वाळू थंड असते, ओल साडेतीन टक्क्यांच्या आसपास नीट धरलेली असते, माणसं ताजी असतात. सॅम्पल सुरेख येतं. दुपारी तीच वाळू दहा फेऱ्या मारून पन्नास अंशांच्या वर जाते, मिक्सरमध्ये घातलेलं पाणी साच्यापर्यंत पोहोचेस्तोवर उडतं, वाळू बांधणारी बेंटोनाईट माती धरत नाही, कडा झडतात. सकाळचं सॅम्पल दुपारच्या उत्पादनाबद्दल काहीच सांगत नाही. पाळीच्या शेवटी घेतलं तर उलट, दमलेली माणसं 'चालतंय' म्हणून पुढे सरकवतात. म्हणून पहिली ट्रायल, भाग भरतो की नाही एवढंच बघायची, सकाळी घ्यावी. दुसरी मात्र भर दुपारी, वाळू तापलेली असताना. तिथं रूप कुरूप दिसतं, पण खरं दिसतं.

सॅम्पलच्या संख्येचंही असंच. पाच नग ओतले, पाचही कापून बघितले, आत पोकळी नाही, सगळे खूष. पण त्या भागात खरं रिजेक्शन दहा टक्के असेल तरी पाचही नग चांगले निघायची शक्यता ५९ टक्के असते. पाच टक्के असेल तर ७७. म्हणजे पाच नगांचा निर्दोष नमुना जवळजवळ काहीच सिद्ध करत नाही. पन्नास नग ओतले तर दहा टक्क्यांचा दोष लपायची शक्यता अर्ध्या टक्क्यावर येते. वाहन उद्योगातल्या मंजुरीच्या पद्धतीत सलग ३०० नगांची अट असते ती उगीच नाही. पण पाच आणि तीनशे यांच्या मधली पायरी, पन्नासची, अनेक ठिकाणी गाळली जाते. कारण पन्नास नगांना लाईनचा जवळपास तास जातो आणि तो तास कुणाच्याच खात्यात नसतो. मग दोष थेट तीनशेच्या लॉटमध्ये, ग्राहकाच्या मशिनिंगवर उघडा पडतो आणि त्या वेळी वाचवलेल्या तासाची किंमत कुणीच काढत नाही.

खात्याचा मुद्दा निघालाच आहे. ट्रायलमध्ये वाया गेलेलं लोखंड कुठं लिहायचं? साधारण ते महिन्याच्या रिजेक्शनमध्ये मिसळतं. मग क्वालिटीचा साहेब ट्रायलच्या नावानं नाक मुरडतो आणि त्याचंही चूक नसतं, कारण बैठकीत त्याच्या नावापुढे तो आकडा येतो. उत्पादनवाल्याला टन मोजून, क्वालिटीवाल्याला टक्के मोजून, मेंटेनन्सला बंद पडलेले तास मोजून आणि डेव्हलपमेंटला सॅम्पलच्या तारखा मोजून जाब विचारला जातो. चौघंही आपापलं काम चोख करतात आणि चौघांच्या चोखपणातूनच नवा भाग अडकतो. उपाय सोपा दिसतो. ट्रायलच्या हीटला, म्हणजे भट्टीतल्या त्या घाण्याला, वेगळं अक्षर द्यायचं आणि ते लोखंड डेव्हलपमेंटच्या खर्चात टाकायचं. पण हे सुरू केलं की महिन्याभरात एक चमत्कार होतो, डेव्हलपमेंटचं रिजेक्शन एकदम वाढतं. लाईनवरचा बिघडलेला मालही गुपचूप त्याच अक्षराखाली जायला लागतो. म्हणून ओतण्याआधी बॉक्सची संख्या लिहायची, बारा तर बारा. तेरावा बॉक्स लाईनच्या खात्यात.

धातूच्या बाबतीत दोन उद्दिष्टांचं भांडण अक्षरशः भट्टीच्या पोटात होतं. रोजचं काम ग्रे आयर्नचं (साध्या बिडाचं) आहे आणि नवा ग्राहक एसजी आयर्नचा (ग्राफाईट गोल केलेल्या बिडाचा) भाग मागतोय, असा प्रसंग इथल्या कित्येक फौंड्र्यांवर आलेला आहे. ग्रे आयर्नमध्ये गंधक ०.०६ ते ०.१ टक्क्यांपर्यंत चालतं, किंबहुना थोडं हवंच असतं, त्याशिवाय इनॉक्युलेशन, म्हणजे ग्राफाईट नीट तयार व्हावं म्हणून घातलेली भर, नीट लागत नाही. एसजीच्या मूळ धातूत ते ०.०२ च्या खाली लागतं, कारण मॅग्नेशियम आधी गंधकाला जाऊन चिकटतं आणि ग्राफाईट गोल करायला उरत नाही. शेवटी उरलेलं मॅग्नेशियम साधारण ०.०३५ ते ०.०५ टक्के पाहिजे. म्हणजे भट्टीत ग्रेचा तळ ठेवून त्यावर एसजी वितळवता येत नाही. भट्टी पूर्ण उपसावी लागते, भंगार वेगळं लागतं, परत आलेल्या धातूचे ढीग वेगळे ठेवावे लागतात. हे ढीग मिसळले, आणि रात्रपाळीत ते मिसळतातच, की सकाळी ग्रेच्या हीटमध्ये मॅग्नेशियम आणि एसजीच्या हीटमध्ये गंधक. एका ट्रायलपायी दोन दिवसांचा रोजचा माल बिघडतो. शिवाय मॅग्नेशियम टाकल्यानंतर आठ-दहा मिनिटांत सगळं ओतून व्हावं लागतं, नंतर परिणाम ओसरतो. ग्रे ओतायची सवय असलेला माणूस लॅडल घेऊन निवांत चालतो. पहिले चार साचे एसजी, शेवटचे दोन धड हेही नाही आणि तेही नाही.

अशा वेळी दोन तेलरंग, दोन कोपरे आणि दोन फावडी एवढंच लागतं. परतीच्या धातूवर पिवळा आणि निळा रंग फेकायचा, मध्ये भिंत घालायची. थोडक्या पैशांत भागणारं काम आहे आणि कुठल्याही नवनिर्मितीच्या आराखड्यात ते लिहिलेलं सापडणार नाही.

यावर कुणी म्हणेल, नव्यासाठी वेगळी शेडच काढा की. छोटी भट्टी, हातानं साचे, चार हुशार पोरं. मोठ्या कंपन्या असं करतात आणि काही बाबतींत ते योग्यही आहे. तालमीत वस्ताद नवा डाव सरावाच्या जोडीतच शिकवतो, खासबागेच्या मैदानात कुणी नवा डाव पहिल्यांदा करून बघत नाही. पण फौंड्रीत वेगळ्या शेडचा एक तोटा आहे. शंभर किलोच्या लॅडलमधला धातू पाचशे किलोच्या लॅडलपेक्षा फार लवकर थंड होतो, हातानं ठोकलेल्या साच्याची घट्टी लाईनवरच्या साच्यासारखी नसते. शेडमध्ये जमलेलं लाईनवर जमत नाही, आणि मग 'आमच्याकडे बरोबर आलं होतं' विरुद्ध 'तुम्ही दिलेलंच चुकीचं' हा खेळ सुरू होतो. वेगळी शेड ठेवायचीच असेल तर माणसांची अदलाबदल हवी. लाईनचा एक ऑपरेटर सॅम्पलच्या वेळी शेडमध्ये उभा पाहिजे आणि डेव्हलपमेंटचा इंजिनिअर पहिले तीन उत्पादन-लॉट लाईनवर उभा पाहिजे. तीन, कारण पहिल्या लॉटला सगळे सावध असतात, दुसऱ्याला सैलावतात, आणि तिसऱ्याला पद्धत म्हणून काय उरलंय ते कळतं.

आपल्या हवेचंही एक आहे. मे महिन्यात मंजूर झालेला भाग जुलैत ब्लोहोल (वायूची भोकं) दाखवायला लागतो. पॅटर्न तोच, धातू तोच. बदललेलं असतं ते कोअरचं वय. सॅम्पलच्या वेळी कोअर सकाळी बनून दुपारी वापरलेला असतो. उत्पादनात तो दोन-तीन दिवस रॅकवर पडून राहतो, आणि कोल्हापूरच्या आषाढात रॅकवर ठेवलेला कोल्डबॉक्स कोअर (रेझिननं, न तापवता घट्ट केलेला) ओल ओढून घेतो. ताकद उतरते, ओतताना वायू सुटतो. मंजुरीच्या कागदावर कोअर किती तासांत वापरायचा हे लिहिलेलं नसतं, कारण सॅम्पलच्या वेळी तो प्रश्नच आलेला नसतो. म्हणून प्रत्येक नव्या भागाच्या कागदावर एक रकाना पावसाळ्याचा असावा.

एकाच वेळी किती नवी कामं घ्यायची, हा मालकाचा प्रश्न, आणि इथं मालकच सगळ्यात जास्त चुकतात. प्रदर्शनाहून परत येताना खिशात पाच ड्रॉइंग असतात. पॅटर्न शॉप महिन्याला सहा कामं सोडतं आणि हातात अठरा आहेत, तर आज आलेल्या कामाला तीन महिने लागणार. याला ज्योतिषी नको, भागाकार पुरे. चोवीस घेतली तर चार महिने. सगळी थोडी थोडी पुढे सरकतात, एकही सुटत नाही, आणि रोज सकाळी कुणाचा फोन आला त्यावर आजचं काम ठरतं. बारा हातात ठेवून उरलेल्यांना खरी तारीख सांगणारी फौंड्री जास्त काम सोडते. सांगायला जीभ जड होते, हे खरं.

आणि सुरू केलेलं थांबवायचं कधी? इथंही नदीच बरी. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर आलं की इशारा पातळी, ४३ वर धोका पातळी. हे आकडे पूर नसताना ठरलेले आहेत, म्हणून पूर आल्यावर वाद होत नाही. नव्या भागाला असे दोन आकडे ड्रॉइंग हातात घेताना लिहून ठेवायचे. तिसऱ्या ट्रायलनंतर रिजेक्शन पंधरा टक्क्यांच्या वर असेल तर इशारा, गेटिंग, म्हणजे साच्यात धातू नेणाऱ्या वाटा, मुळातून नव्यानं मांडायचं. पाचव्यानंतरही आठच्या वर असेल तर काम परत करायचं. हे आकडे भागागणिक वेगळे असतील, त्यात पवित्र काही नाही. पण पाचव्या ट्रायलपर्यंत पैसा आणि अहंकार दोन्ही इतके ओतलेले असतात, की तेव्हा बसून ठरवलेला आकडा नेहमी हातातल्या रिजेक्शनपेक्षा एक टक्का वरचाच निघतो.

फौंड्रीत निदान चूक आज झाली तर दुरुस्ती उद्या होते. साखर कारखान्याला तेवढीही मुभा नाही. गाळप हंगाम शंभर-सव्वाशे दिवसांचा. त्या काळात काही नवं करून बघायचं म्हणजे रोजच्या हजारो टन उसाच्या प्रवाहात हात घालायचा, आणि चुकलं तर पुढच्या वर्षीच पुन्हा संधी. वर उद्दिष्टं किती? ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे चौदा दिवसांत उसाचं बिल. चांगला उतारा, म्हणजे उसातून साखर निघायचं प्रमाण. साखर, इथेनॉल, बगॅसवरची (उसाच्या चिपाडावरची) वीज. आणि डिस्टिलरीच्या सांडपाण्याची विल्हेवाट, जिच्याबद्दल सभेत कुणी बोलत नाही. सहकारी कारखान्यात सभासद एकाच वेळी ऊस घालणाराही असतो आणि मालकही. ऊस घालणारा म्हणून त्याला टनाला आज जास्त दर हवा असतो. मालक म्हणून विचार केला तर त्याला नवी डिस्टिलरी हवी असायला पाहिजे. वार्षिक सभेतल्या 'मंजूर, मंजूर'च्या गजरात हे दोघं एकाच खुर्चीत बसलेले असतात.

इथेनॉलचा निर्णय याच पेचातून जातो. बारा टक्के उताऱ्याच्या एका टन उसापासून नेहमीच्या वाटेनं साधारण ११८-१२० किलो साखर आणि ४०-४५ किलो सी-हेवी, म्हणजे साखर शेवटपर्यंत काढून उरलेली, मळी मिळते, तिच्यातून दहा-अकरा लिटर इथेनॉल. बी-हेवीवर, म्हणजे एक टप्पा आधी, थांबलं तर साखर पंधरा-एक किलोंनी कमी होते, मळी साठ किलोंच्या वर जाते आणि इथेनॉल वीस लिटरच्या घरात. थेट रसापासून केलं तर साखर शून्य आणि इथेनॉल सत्तर लिटरच्या पुढे. बी-हेवीवर थांबल्यानं शेवटच्या टप्प्याचे पॅन (साखर शिजवायची भांडी) आणि सेंट्रीफ्युगल (साखर मळीपासून वेगळी करणारी यंत्रं) मोकळे होतात, वाफ वाचते, गाळप वाढवता येतं. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात, साखर गोदामात पडून व्याज खाते. सगळं गणित एकाच बाजूला झुकतं.

आणि मग ७ डिसेंबर २०२३ उजाडला. हंगाम सुरू होऊन महिना झाला होता, आणि केंद्रानं त्या हंगामात उसाचा रस आणि सिरप इथेनॉलकडे वळवायला मनाई केली. काही दिवसांतच रस आणि बी-हेवी मिळून १७ लाख टन साखरेपर्यंत वळवायला मुभा मिळाली. पुढच्या हंगामासाठीचे निर्बंध २९ ऑगस्ट २०२४ ला उठले. त्या मधल्या काळात ज्यांनी शेवटचा टप्पा 'आता लागत नाही' म्हणून मोडीत काढला नव्हता, त्यांनी व्हॉल्व्ह फिरवून पुन्हा साखर काढायला घेतली. पण वापरात नसलेला सेंट्रीफ्युगल चालू स्थितीत ठेवायचा म्हणजे दरवर्षी बेअरिंग, जाळ्या, ग्रीस आणि त्याला सांभाळणारी दोन माणसं. हा खर्च ताळेबंदात निव्वळ वायफळ दिसतो. लेखापरीक्षकाला पटवता येत नाही, नव्या व्यवस्थापकीय संचालकाला तर नाहीच. माझ्या मते नव्या वाटेचा खर्च काढताना जुनी वाट किती वर्षं झाडून ठेवायची, त्याचीही रक्कम त्यातच धरली पाहिजे. ती धरली की नवी योजना थोडी कमी आकर्षक दिसते, आणि ते चांगलंच आहे.

कोल्हापुरी चपलेचा पेच याच्या अगदी उलटा. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे मिळून. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं, हाताची शिलाई, ही तिची ओळख. शहरातल्या नव्या गिऱ्हाइकाला मात्र मऊ तळवा हवा असतो, पावसात टिकणारी हवी असते, डाव्या-उजव्या पायाचं माप यंत्रासारखं जुळलेलं हवं असतं. किती बदललं तर ती अजून कोल्हापुरी? आतला तळवा बदलला तर चालेल, कातडं बदललं तर नाही, अशी रेघ कारागिरांनी आणि संस्थांनी मिळून आधी ओढली तर नवी रचना करणाऱ्याला हात मोकळा मिळतो. रेघ नसली की प्रत्येक नवा जोड भ्रष्ट ठरतो, नाहीतर सगळंच चालतं.

परत फौंड्रीत येऊ, कारण एक गोष्ट राहिली. नव्यासाठी जागा हवी, आणि जागा म्हणजे खरोखरची, चौरस फुटांतली जागा. कुठल्याही जुन्या फौंड्रीच्या पॅटर्न स्टोअरमध्ये जा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑईल इंजिनं बनत होती तेव्हाची फ्लायव्हीलची, सिलिंडरची, बेडची लाकडी पॅटर्न अजून वरच्या फळीवर आहेत. विजेचे पंप आले, इंजिनांची मागणी ओसरली, फौंड्र्या वाहनांच्या भागांकडे वळल्या, पॅटर्न मात्र तिथेच. खालच्या फळीवर गेल्या दहा वर्षांतले अॅल्युमिनियमचे, त्यातले निम्मे वर्षाला वीस नगांच्या ऑर्डरवर जगणारे. आणि या वीस नगांसाठी लाईन थांबते, प्लेट बदलते, कोअर बॉक्स शोधायला दोन माणसं तासभर लागतात. नव्या ट्रायलची पंधरा मिनिटं डोळ्यांत येतात, जुन्या वीस नगांची पंचेचाळीस मिनिटं 'चालू काम' म्हणून कुणाला खुपत नाहीत.

पॅटर्न टाकून द्यायचा म्हटलं तर तो बहुधा फौंड्रीचा नसतोच. ग्राहकानं पैसे दिलेले असतात, त्याची मालमत्ता, त्यावर त्याचा नंबर कोरलेला. परवानगीशिवाय मोडता येत नाही. म्हणून वर्षातून एकदा, दिवाळीनंतर काम जरा सैल असतं तेव्हा, यादी काढायची. मागच्या बारा महिन्यांत पन्नास नगांपेक्षा कमी ऑर्डर आलेला प्रत्येक पॅटर्न, त्याचा नंबर, शेवटची तारीख, त्यानं खाल्लेली लाईनची मिनिटं. मग प्रत्येक ग्राहकाला एक पत्र: शेवटची एकगठ्ठा ऑर्डर द्या, किंवा दर बदलून द्या, किंवा पॅटर्न घेऊन जा, साठ दिवसांत कळवा. दहातल्या सहांचं उत्तर येत नाही. त्यांना दुसरं पत्र, या वेळी पोचपावतीनं. तिसऱ्या खेपेला टेम्पो भाड्यानं घेऊन पॅटर्न त्यांच्या गेटवर नेऊन उतरवायचा, चलनावर वॉचमनची सही घ्यायची, आणि रिकाम्या फळीवर खडूनं नव्या भागाचा नंबर टाकायचा.